कॉल लेटरची प्रिंट काढण्याआधी

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. झेरॉक्स, कलर प्रिंट, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. सकाळी गारगोटी, आजरा, चंदगडकडच्या एसट्या लागल्या की हातात प्लास्टिकची फाइल धरलेली पोरं-पोरी आत येतात. बहुतेकांना भरतीचा फॉर्म भरायचा असतो. अधूनमधून एखादा मोबाईल पुढं करतो, "मामा, एवढं कॉल लेटर कलरमध्ये काढून द्या की." नोकरीची असली खोटी पत्रं इतकी बघितलीत की हल्ली बटण दाबायच्या आधी मी विचारतो, "भरलंस किती?" पोरगं जरा गप्प बसतं, मग हळूच आकडा सांगतं.

हे लिहितोय ते अजून काही न भरलेल्यांसाठी. फसणारी पोरं बावळट नसतात. माझ्याकडं आलेल्यांत डिप्लोमावाला होता, एम.कॉम. झालेली मुलगी होती. दोन गोष्टी सगळ्यांत सारख्या होत्या. एक, घाई. दुसरी, नोकरीला काहीतरी द्यावं लागतंयच, हे लहानपणापासून घरात ऐकलेलं. घाईवर उपाय सोपा आहे. दुसऱ्या गोष्टीनं जास्त घरं बुडवलीत, तिच्याकडं पुढं येतो.

पहिलं काम: पैसे कुणाकडून कुणाकडं चाललेत ते बघा

काम तुम्ही करणार, पगार ते देणार. पहिला पगार हातात यायच्या आधी तुमच्याकडून त्यांच्याकडं एक रुपया जरी निघाला तरी तिथंच थांबा आणि विचारा, कशाचा? मागायची नावं बदलत राहतात: रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, आयकार्ड, मेडिकल, लॅपटॉपचं डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन, गेट पास. पहिली रक्कम मुद्दाम लहान असते, पाचशे-सातशे, म्हणजे घरी विचारायची गरज पडत नाही. ती भरली की त्यांना कळतं, हा भरणारा आहे. मग दोन हजार, मग साडेपाच हजार, आणि दरवेळी "हे पहिल्या पगारात परत". एका मुलीनं असे सहा हप्ते भरले होते. थांबली का नाहीस म्हटल्यावर म्हणाली, "आधीचे बुडतील म्हणून."

सरकारी परीक्षेची फी मात्र भरावी लागते. ती अधिकृत वेबसाइटवर, फॉर्म भरतानाच, आणि तिची पावती निघते. कुणाच्या वैयक्तिक फोनपे नंबरवर सरकारी फी जात नाही. खासगी प्लेसमेंटवाला सरळ असेल तर त्याचा मोबदला कंपनी देते. काही जण उमेदवाराकडूनही घेतात. मला ते पटत नाही, पण घ्यायचेच असतील तर काम लागल्यावर, पावती देऊन घ्यावेत. आधी नोंदणी फी घेऊन "कॉल येईल" म्हणणाऱ्याची कमाई त्या फीचीच असते, तुमच्या नोकरीशी तिचा संबंध नसतो.

अजून एक. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "स्टायपेंड पाठवलाय, तेवढा पिन टाका" म्हणाला, की पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

जाहिरात वाचताना

बसस्थानकाबाहेरच्या खांबावरची चिठ्ठी असो नाहीतर इन्स्टाग्रामवरची, बघायचं तेच: कंपनीचं नाव आहे का? "नामांकित कंपनीत भरती" यात नाव नाही. "दहावी पास/नापास, पस्तीस हजार, राहणं-जेवण फ्री, त्वरित जॉइनिंग" यात तर कामच सांगितलेलं नाही. आपल्याकडची खरी जाहिरात रुक्ष असते. "सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, २ वर्षं अनुभव, गोकुळ शिरगाव, कागदपत्रांसह भेटा." तिच्यात मशीन असतं, गाव असतं, आणि भेटायला बोलावलेलं असतं.

पगाराचा अंदाज घरी बसून येत नाही. शिरोलीत शिफ्ट सुटायच्या वेळी चहाच्या गाड्यावर अर्धा तास थांबा. फाउंड्रीत नव्या हेल्परला काय हजेरी पडते, ओव्हरटाइम कसा धरतात, कंत्राटदार किती कापतो, सगळं कळतं. त्याच्या दुप्पट कुणी नवख्याला देत असेल तर का देतोय, हे त्याला विचारायला लागतं.

पत्र हातात आलं तर

पूर्वी खोटं पत्र दिसायलाच खोटं असायचं. चार शिक्के, वर अशोकस्तंभ, आणि इंटरनेटवरून उचललेला लोगो प्रिंट काढला की फाटायचा. आता तशी मजा राहिली नाही. माझ्या दुकानातल्या खऱ्या पत्रांपेक्षा खोटी पत्रं स्वच्छ दिसतात. त्यामुळं पत्राचं रूप सोडा, त्यातले नंबर घ्या.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर सुरुवात २७ नं होते. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर लॉगिन न करता हा नंबर टाकता येतो. नोंदलेलं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता, आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समोर येतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर तिचा सीआयएन, म्हणजे कंपनी नोंदणीचा नंबर, २१ अक्षरांचा असतो, आणि त्यात राज्याच्या दोन अक्षरांनंतरचे चार आकडे म्हणजे कंपनी नोंदवल्याचं वर्ष. "३० वर्षांची परंपरा" लिहिलेल्या एका पत्रावर मी हे वर्ष बघितलं, तर कंपनी त्या पोरापेक्षाही एकोणीस वर्षांनी लहान निघाली. पोरगं वीस वर्षांचं होतं.

पण लबाड माणूस खऱ्या कंपनीचे खरे नंबर उचलून आपल्या पत्रावर टाकू शकतो. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची: पत्रावरच्या मोबाईलवर फोन करू नका. तो तुम्हाला त्याच्याकडंच नेणार. कंपनीच्या वेबसाइटवरचा ऑफिसचा नंबर काढा आणि विचारा, या नावाचं पत्र तुमच्याकडून निघालंय का? मोठ्या कंपनीचं पत्र जीमेलवरून आलं असेल तर एवढंही करायची गरज नाही, ते खोटंच समजा.

वेबसाइटचा पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेपूट आहे तेच खरं. "डॉट गव्ह डॉट इन" हे शेपूट सरकारी यंत्रणेशिवाय कुणाला मिळत नाही. "गव्ह" पत्त्याच्या मध्येच घुसवून शेवटी "डॉट कॉम" किंवा "डॉट ऑनलाइन" लावलेली साइट सरकारी नाही, मग तिच्यावर कितीही मंत्र्यांचे फोटो असोत. सगळी सरकारी खाती हेच शेपूट वापरतात असं नाही, त्यामुळं शंका आली तर मूळ जाहिरातीच्या पीडीएफमध्ये कोणता पत्ता दिलाय तो धरा.

आणि मग जाऊन या. कोल्हापुरात राहायचा हा मोठा फायदा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, सगळं केएमटीच्या शहर बसनं नाहीतर वडापच्या जीपनं तासाच्या आत. गेटवरच्या वॉचमनला विचारा, "इथं भरती चाललीय का? अमुक साहेब आहेत का?" एचआरचा माणूस काय सांगणार नाही ते वॉचमन सांगतो. मागं एकाला पत्रावरच्या प्लॉट नंबरवर पाठवलं, तर तिथं बंद पडलेलं शेड आणि दारात बांधलेली म्हैस. पोरानं म्हशीचा फोटो काढून मला पाठवला.

जागा पुण्या-मुंबईची असेल तर तिथं असलेल्या गाववाल्याला पाठवा. प्रत्येक गावाचा कुणीतरी चाकण नाहीतर भोसरीत असतोच. "आज संध्याकाळपर्यंत भरलं नाही तर जागा जाईल" म्हणत असतील तर जाऊ द्या. खरी कंपनी एका दिवसानं पळत नाही.

मोबाईलवरची कामं

घरबसल्या लाइक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच खात्यात येतात. ते गळाला लावलेलं गांडूळ. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथले बाकीचे मेंबर "मला चाळीस हजार मिळाले" म्हणून स्क्रीनशॉट टाकत असतात, आणि ते सगळे मेंबर फसवणाऱ्यांचेच असतात. मग "प्रीपेड टास्क" येतो: हजार भरा, तेराशे घ्या. स्क्रीनवर तुमची शिल्लक वाढत जाते, काढायला गेलं की "टॅक्स भरा", "चुकीचा टास्क केलात, दंड भरा". स्क्रीनवरचा तो आकडा पैसे नव्हेत, नुसतं चित्र आहे.

डेटा एंट्रीची तऱ्हा वेगळी. ऑनलाइन करारावर सही घेतात, काम देतात, आणि शेवटी अचूकता कमी भरली म्हणून वकिलाची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवतात: सहा हजार भरा नाहीतर अटक. ती नोटीस प्रिंट काढायला माझ्याकडं रडत आलेल्या दोघीतिघी आठवतात. असला दंड थकला म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत, आणि फोनवरूनच अटक केली म्हणायचा "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार कायद्यात कुठंच नाही. पैसे न भरता ते सगळे मेसेज जपून ठेवा, पुढं लागतात.

आता ओळखीचा माणूस

मोबाईलवरचा चोर परका असतो, त्याच्यावर संशय घेता येतो. अवघड आहे तो लग्नात भेटलेला, पाव्हण्यांच्या पाव्हण्यांतला, पांढरा शर्ट घातलेला माणूस. "आपल्या पोराचं बघूया की. वर बोललोय. आठ लागतील, पण काम नाही झालं तर पैसे परत. शब्द."

हा "परत" शब्दच सगळ्यांना गिळतो. त्याचं गणित समजून घ्या. समजा त्यानं भरतीला उतरलेल्या दहा पोरांकडून प्रत्येकी पाच लाख घेतले. तो कुणाशी बोलत नाही, काही करत नाही. दहातली दोन पोरं पहाटे उठून, धावून, अभ्यास करून स्वतःच्या जोरावर लागतात. त्यांचे दहा लाख तो ठेवतो, आणि घरचे वर त्याला पेढे देतात. उरलेल्या आठांना वर्षभर फिरवून, थोडे थोडे करत परत करतो किंवा करत नाही. परत केले तरी वर्षभर चाळीस लाख बिनव्याजी वापरलेले असतात. आणि लागलेल्या दोन पोरांची घरं गावभर सांगतात, "माणूस खात्रीचा आहे हं."

ही खात्री जिल्ह्यात सगळ्यात जास्त विकली जाते ती सैन्य भरतीच्या नावानं, कारण फौजेत जायची परंपरा आपल्याकडं घराघरात आहे. अग्निवीरसाठी २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, त्यात निघालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. १.६ किलोमीटर घड्याळावर धावायचं, मग मेडिकल. यात पांढऱ्या शर्टानं नेमकं कुठं बोलायचं, हे त्यालाच विचारा. रेल्वेचं, केंद्रातल्या क्लार्कचंही तसंच: गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. "इंटरव्ह्यू मॅनेज करतो" म्हणणारा जो इंटरव्ह्यू मॅनेज करणार आहे, तो होतच नाही.

थाट किती करू शकतात याचं एक उदाहरण. २०२२ साली तामिळनाडूतल्या २८ तरुणांना रेल्वेत टीसी, क्लार्क अशा जागा देतो म्हणून दिल्लीला नेलं. ट्रेनिंग म्हणून महिनाभर नवी दिल्ली स्टेशनवर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला लावले. एकूण २ कोटी ६७ लाख रुपये गेले होते. पोरं प्रामाणिकपणे मोजत बसली होती. वर्दळीचं खरं स्टेशन, खऱ्या गाड्या, मेडिकल झालेलं, पत्र मिळालेलं. नोकरी तेवढी नव्हती.

शाळांचं सांगायला नको. "संस्थेत जागा आहे, डोनेशन द्या, पुढं मान्यता मिळेल" या भरवशावर पाच-सहा वर्षं बिनपगारी शिकवलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. शिक्षक भरतीसाठी राज्याचं पवित्र पोर्टल आहे. जागा खरी अनुदानित असेल तर तिची जाहिरात पोर्टलवर कुठं आहे, ती दाखवा म्हणायचं. "मान्यता येणार आहे" याला तारीख नसते.

अशा माणसाला दोन गोष्टी कधी देऊ नका: मूळ प्रमाणपत्रं आणि सही केलेला कोरा चेक. "वर दाखवायला" म्हणून दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट नेतात आणि मग त्याच ओलीस धरतात. तुम्ही पैसे परत मागितले की "सर्टिफिकेट हवीत का नकोत?" पडताळणीला मूळ कागद लागतात, पण ते तुमच्या डोळ्यांसमोर बघतात आणि परत देतात. झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी सही मारा. माझ्याकडं दोन रुपयात होते, मूळ कागद परत मिळवायला बोर्डाच्या नाहीतर विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

स्टॅम्प पेपरवर "हातउसने घेतले" असं लिहून देतो म्हणाला तर घरचे निर्धास्त होतात. होऊ नका. नोकरीसाठी दिलेल्या पैशाचा करार कोर्टात टिकत नाही, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही कायद्यानं सरळ गुन्हेगार ठरतो. या भीतीनं माणूस तक्रार करत नाही, हे त्या पांढऱ्या शर्टाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पैसे गेलेच असतील तर गप्प बसण्यापेक्षा आधी एखाद्या वकिलाला विचारा आणि मग पोलिसांत जा. नोकरीच्या थापेनं पैसे उकळणं ही फसवणूकच आहे.

आजोबांच्या पिढीत म्हणायचे, लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. आपण ताटाचं भाडं आधीच भरून बसतो.

मित्राचा फोन आला, "ये इकडं, काम आहे"

शाळेतला मित्र दोन वर्षांनी फोन करतो. दुसऱ्या शहरात ऑफिसचं काम, अठरा हजार, राहायची सोय. गेल्यावर एका खोलीत बारा पोरं, सकाळ-संध्याकाळ टाळ्या वाजवत मीटिंग, आणि चौथ्या दिवशी कळतं की आधी किट घ्यायचं आणि मग आपण दोन मित्र बोलवायचे. तुम्हाला ज्यानं बोलावलं तोही असाच आलेला असतो, त्याला त्याचे पैसे काढायचे असतात. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत प्रवेश फी घ्यायला आणि साखळी योजनांना बंदी आहे. जाताना परतीचं भाडं वेगळं ठेवा, घरच्यांना पत्ता पाठवा, मोबाईल कुणाकडं जमा करू नका. किटचं नाव निघालं की पिशवी उचलायची आणि स्टँड गाठायचा.

परदेशातलं काम

आखातात, सिंगापूरला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आणि काळ्या यादीतलेही दिसतात. एजंटानं तुमच्याकडून घ्यायची सेवा फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये, वर जीएसटी. दोन-अडीच लाख मागणारा त्याच क्षणी नियमाबाहेर गेला. व्हिसा कामाचा आहे का ते स्वतः वाचा. "आधी टुरिस्टवर जा, तिथं बदलून देतो" यात बहुतेक पोरं अडकतात. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामाला परदेशी जाताना तपासणी लागते असा, शेरा असतो आणि ठरावीक १८ देशांत कामाला जायला सरकारची मंजुरी लागते. एजंट "ती भानगड नको" म्हणाला तर भानगड त्याच्याकडंच आहे. शंका विचारायला प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर आहे, १८००११३०९०.

थायलंडला डेटा एंट्री किंवा कस्टमर सपोर्ट म्हणून बोलावणं आलं तर विशेष जपा. तिथून पोरांना सीमा ओलांडून म्यानमारला नेतात आणि कोंडून, मारहाण करून लोकांना ऑनलाइन फसवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथल्या ५४९ भारतीयांना परत आणलं.

खातं भाड्यानं मागणारे

कॉलेजच्या पोरांत हे फार चाललंय. "काम काही नाही, तुझं खातं आणि सिम दे, महिन्याला पाच हजार." किंवा जरा शिष्ट नाव, पेमेंट एक्झिक्युटिव्ह: खात्यात येतील ते पैसे पुढं पाठवायचे, दोन टक्के ठेवायचे. ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचे चोरलेले असतात. तपास लागतो तेव्हा पहिलं नाव तुमचं येतं. खातं गोठतं, आणि परराज्यातले पोलीस दारात उभे राहतात. इथं तुम्ही फसलेले असूनही कागदावर चोराच्या रांगेत असता. पासबुक, एटीएम, सिम, ओटीपी, यातलं काही कामाच्या नावाखाली कुणाला द्यायचं नाही.

खरं काम कुठं बघायचं

राज्याच्या महास्वयम पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी फुकट होते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र अधूनमधून मेळावे घेतं, तिथं कंपन्या स्वतः येतात. आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिप सोडू नये. स्टायपेंड कमी वाटतो, पण पुढं गेटवर तोच कागद चालतो. कामाला लागल्यावर पगारातून पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, मागून घ्या आणि दोन महिन्यांनी पासबुक बघा. कापलेला पीएफ तिथं दिसत नसेल तर नोकरी खरी आहे, पण कंत्राटदाराला विचारायची वेळ झालीय.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० वर, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. घरच्यांना कसं सांगू, याचा विचार त्यानंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि कुठल्यातरी खात्यात ते अडवता येतात तोवरच आशा असते. काही तास गेले की रक्कम रोख निघालेली असते. फोन लागला नाही तर लावत राहा, आणि सोबत सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. हाताशी ठेवा: व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खातं, आणि चॅटचे स्क्रीनशॉट. रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी सगळं जपून घ्या. बँकेलाही लगेच कळवा. जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहे, पण जवळच्या ठाण्यातही जाता येतं. "ही आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर म्हणा. कोणत्याही ठाण्यात ती नोंदवून घ्यावी लागते.

पंधरा-वीस दिवसांनी बहुतेक एक नवा फोन येतो. बोलणारा अगदी सभ्य, तुमची रक्कम, तारीख, सगळं त्याला माहीत. सायबर सेलमधून बोलतोय म्हणतो, तुमचे पैसे सापडलेत, सोडवून घ्यायला तेवढी प्रोसेसिंग फी भरा. फसलेल्यांची यादी आधी फसवलेल्या त्याच टोळीकडची असते. मागच्या दिवाळीत असा फोन आलेला एक जण माझ्या दुकानात बसूनच बोलत होता. मी हातानं खूण केली, फोन स्पीकरवर टाक. फी होती चार हजार नऊशे.